शेताच्या बांधावरचं काटेरी जिवंत कुंपण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

करवंद, बोर, चिल्हार, सागरगोटा लावून कुंपण करू पाहणाऱ्यांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं महाराष्ट्रातल्या शेतांना धरून आहेत. कोकणात जे चालतं ते मराठवाड्याच्या काळ्या रानात चालेलच असं नाही, म्हणून फरक असेल तिथे तो सांगितला आहे.

१. बांधावर आधीच भरपूर काटेरी झुडपं आहेत. तेच कुंपण नव्हे का?

झुडपं आपोआप येतात, कुंपण घडवावं लागतं. पाखरांच्या विष्ठेतून पडलेल्या बियांची बोर, करवंद, हेकळ, घाणेरी दुरून गच्च दिसते. पण बांधाजवळ जाऊन खाली वाकून पाहा. गुडघ्याच्या खाली नुसती खोडं असतात आणि त्यांच्यामधून करडू सहज आत शिरेल एवढी फट असते. कुंपणाचं खरं काम जमिनीपासूनच्या पहिल्या दोन फुटांत चालतं. तो भाग भरलेला ठेवणं म्हणजेच कुंपण राखणं, आणि तो भरतो तो वेळेवर कोयता चालवल्यानेच (प्रश्न ६).

काटेरी झाडांची ही निवड जुनी आहे. मीठकर चुकवणाऱ्यांना अडवण्यासाठी ब्रिटिशांनी उत्तर आणि मध्य हिंदुस्थानात जकातीची लांबच लांब काटेरी रांग वाढवली होती. ती १८७९ साली मोडीत निघाली. तीही मुख्यतः बोर, बाभूळ, करवंद आणि थोराचीच होती.

२. आमच्या जमिनीत काय लावावं?

आधी पाणी कुठे साचतं ते बघा, मग झाड ठरवा.

कोकण, घाटमाथा, जांभा किंवा मुरमाड उतार असेल तर करवंद. ते सदाहरित आहे, काटे जोडीने आणि फाटे फुटलेले येतात, पानं तोडली की चीक निघतो, शिवाय उन्हाळ्यात फळ मिळतं. मात्र पाणी साचलेलं त्याला सोसत नाही. काळ्या जमिनीत करवंद लावायचंच असेल तर उंच बांधावर लावा, सपाटीला नको.

काळी, भारी जमीन आणि पाऊस कमी असेल तर बोर आणि विलायती चिंच. बोरीचं मूळ खोल जातं आणि तोडली तरी ती खोडातून फुटते. विलायती चिंच बियांपासून लवकर येते आणि सतत छाटली तर दाट होते. न छाटता सोडली की तिचं झाडच होतं, हे लक्षात ठेवा.

जनावर फार घुसत असेल तिथे चिल्हार किंवा सागरगोटा. दोन्हींना आकड्यासारखे उलटे काटे असतात. पण ही पसरणारी, चढणारी झुडपं आहेत. एकट्याने ती कुंपण होत नाहीत, करवंद-बोरीच्या रांगेत दर चार-पाच मीटरला एखादं घालून फांद्या आत गुंफाव्या लागतात. पायवाटेलगत ती लावू नका.

काटे नको असतील तर निर्गुडी आणि अडुळसा. शेळ्या ती खात नाहीत आणि दोन्ही छाटापासून येतात. जनावर ती ढकलून आत जातं, म्हणून ही हद्दीची खूण आणि आडोसा समजा, अडथळा नव्हे.

एकाच जातीची सरळ रांग दिसायला नीटनेटकी असते, पण एखादा रोग किंवा एखादं कोरडं वर्ष आलं की सगळी एकदम विरळ होते. तीन-चार जाती मिसळणं केव्हाही चांगलं.

३. कुंपणाला काय अजिबात लावू नये?

वेडी बाभूळ, सुबाभूळ आणि घाणेरी. वेडी बाभळीच्या शेंगा जनावरं आवडीने खातात आणि बिया शेणातून रानभर जातात. सुबाभळीचं बी आसपास तणासारखं उगवतं आणि तिचा पाला शेळ्यांना आवडतो, मग ती अडवणार कोणाला? घाणेरीचं प्रश्न १२ मध्ये पाहा.

फड्या निवडुंगही नवा लावू नका. एकेकाळी त्याने दख्खनची कितीतरी जमीन व्यापली होती. १९२६ साली श्रीलंकेतून आणलेल्या कोचिनील किड्याने तो आटोक्यात आला. आजही फड्यांवर पांढरा कापसासारखा थर दिसतो तो त्याच किड्याचा, आणि तो आला की कुंपण कोसळतं.

घायपात लावायची तर एक गोष्ट माहीत असू द्या: फुलोऱ्याचा दांडा आला की ते रोप मरतं आणि तिथे भगदाड पडतं. बाजूच्या फुटव्यांनी ते भरून घ्यावं लागतं. कपाशीच्या शेताला जास्वंदीचं कुंपण नको, पिठ्या ढेकूण तिच्यावर वर्षभर जगतो.

४. एका एकराला किती रोपं लागतील?

एकर चौकोनी धरला तर घेर साधारण २५४ मीटर भरतो. दोन ओळी, ओळींत ४५ सेंमी अंतर, रोपांत ४५ सेंमी, आणि दुसऱ्या ओळीचं रोप पहिल्या ओळीतल्या दोन रोपांच्या मधोमध. असं लावलं तर सुमारे ११३० रोपं बसतात. मर धरून १२५० तयार ठेवा. लांबट पट्टीच्या शेताचा घेर याहून बराच जास्त येतो, त्यामुळे आधी टेपने मोजा.

पैसा किंवा पाणी कमी असेल तर सगळीकडे विरळ लावण्यापेक्षा रस्त्याकडची आणि गायरानाकडची बाजू आधी दाट लावा. विरळ लावलेली रांग पुढे दाट होईल ही आशा सहसा फोल ठरते. करवंद बाजूला पसरण्याआधी उंच होतं.

५. रोपं घरी कशी करायची? आमचं करवंदाचं बी उगवलंच नाही.

बहुतेक वेळा बी जुनं असतं. करवंदाचं बी सुकवून डब्यात ठेवलं की त्याची उगवण झपाट्याने घटते. मे-जूनमध्ये पूर्ण काळी झालेली फळं घ्या, कुस्करा, राख चोळून चीक काढा, धुवून एक दिवस सावलीत पसरा आणि आठवड्याच्या आत पेरा. बी अर्धा सेंमीपेक्षा खोल नको. दोन ते चार आठवड्यांत उगवतं. पाच बाय सात इंचाच्या पिशवीत वर्षभर वाढवा आणि पुढच्या पावसाळ्यात, फूटभर झालं की लावा. पहिल्या वर्षी करवंद फारच सावकाश वाढतं. त्यामुळे घाबरून खत ओतू नका.

बोरीची गोष्ट उलटी. आठळी कठीण असते. ती अलगद फोडून आतलं बी काढलं तर आठवड्याभरात उगवतं, अख्खी पेरली तर महिनाही लागतो. फोडताना बी चेपलं तर ते सडतं, म्हणून अडकित्ता आठळीच्या कडेला लावून हलका दाब द्या. बोरीचं सोटमूळ पिशवीत लगेच वळतं, त्यामुळे शक्य असेल तर थेट चरातच दोन-दोन बिया टोकणं उत्तम.

सागरगोटा आणि चिल्हार: टरफलाची एक बाजू दगडावर घासा, आतला पांढरा भाग दिसला की थांबा, मग एक दिवस पाण्यात ठेवा. भिजून फुगलेलं बीच पेरा. न फुगलेलं पुन्हा घासा.

निर्गुडी आणि अडुळसा: अंगठ्याएवढ्या जाडीच्या, फूट-दीड फुटाच्या छाटण्या पावसाच्या सुरुवातीला, निदान दोन डोळे मातीत जातील अशा लावा.

६. लावणी आणि पहिली दोन वर्षं: नेमकं काय करायचं?

उन्हाळ्यात दीड फूट रुंद, दीड फूट खोल चर काढून ठेवा. वरची माती एका बाजूला, खालची दुसऱ्या बाजूला. लावताना वरची माती कुजलेल्या शेणखतात मिसळून (मीटरला दोन-तीन पाट्या) मुळांशी घाला. दोन-तीन चांगले पाऊस झाले आणि चर आतपर्यंत ओला झाला की लावा. पहिल्याच सरीला लावून मग पंधरा दिवस उघाड पडली, तर निम्मी रोपं जातात.

आता सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात जास्त टाळलं जाणारं काम. रोप दीड फुटाचं झालं की ते फुटावर छाटा. हात धजत नाही, हे खरं. पण वरचा शेंडा गेला तरच खालचे डोळे जागे होतात. पुन्हा दीड-पावणेदोन फूट झालं की आधीच्या कापापेक्षा फक्त अर्धा फूट वर छाटा. म्हणजे उंची अर्ध्या-अर्ध्या फुटाने चढू द्यायची. तिसऱ्या वर्षाअखेर तीन-साडेतीन फूट उंचीचं पण पायाशी भरलेलं कुंपण मिळतं. न छाटता तेवढ्याच वेळात सहा फुटांची जाळी मिळेल, आणि तिच्या खालून कुत्रा ये-जा करील.

आकार नेहमी खाली रुंद, वर निमुळता ठेवा: पायाशी चार फूट, माथ्याला दोन. माथा रुंद झाला की खालच्या फांद्यांवर सावली पडते आणि त्या वाळतात.

पहिल्या उन्हाळ्यात आठवड्याला रोपामागे तीन-चार लिटर पाणी आणि बुडाशी पालापाचोळ्याचं आच्छादन पुरतं. वाळवी असलेल्या रानात आच्छादन खोडाला टेकवू नका.

७. शेळ्या रोपं खातात. कुंपणालाच कुंपण घालायचं का?

हो, दोन वर्षं. करवंद-बोरीचा कोवळा फुटवा मऊ असतो, काटा नंतर टणक होतो. बाभळीच्या किंवा बोरीच्या काटेरी फांद्या बाहेरच्या बाजूने तिरक्या रचा आणि वर दगड ठेवा. पावसाळ्यात त्या कुजतात, म्हणून दिवाळीनंतर एकदा नव्या घालाव्या लागतात. गुराखी आणि मेंढपाळ नेहमी ज्या वाटेने जातात तिथे आधीच झापा किंवा बेडं (साधं फाटक) ठेवून वाट मोकळी सोडा. चालती वाट अडवली की कुंपण तिथेच तुटतं, दरवर्षी.

८. दरवर्षी छाटायचं कधी?

जातीप्रमाणे वेळ वेगळी आहे.

करवंदाला फुलं फांद्यांच्या टोकाला, साधारण जानेवारी ते मार्च या काळात येतात आणि फळं एप्रिल ते जून मिळतात. हिवाळ्यात छाटलं तर त्या वर्षीचं फळ गेलं. म्हणून फळं उतरली की जूनमध्ये छाटा. पाठोपाठ पाऊस असल्याने फूटही जोमाने येते.

बोर एप्रिल-मेमध्ये पानं टाकते, तेव्हा छाटा. पावसाबरोबर येणाऱ्या नव्या फुटीवरच पुढे फुलं धरतात. मिश्र रांगेत मे महिन्यात बोर आणि जूनमध्ये करवंद, अशा दोन फेऱ्या कराव्या लागतात.

कुंपण पाच-सहा वर्षांचं झालं की सगळं एकदम छाटू नका. तीन भाग करा, दरवर्षी एकाच भागाला कोयता लावा. उरलेल्या दोन भागांत फळ, फूल आणि घरटी राहतात. यात कष्टही कमी आणि रानालाही जास्त मिळतं. ज्यांना सगळी रांग एकसारखी कातरलेली आवडते त्यांना हे ओबडधोबड वाटेल, पण आमचं मत ठाम आहे: शेताचं कुंपण बागेच्या मेंदीसारखं कातरू नये.

९. छाटताना घरटं सापडलं तर?

तिथून दोन्ही बाजूंना दीड-दोन मीटर सोडून पुढे जा आणि महिन्याभराने या. लालबुड्या बुलबुलाची अंडी साधारण दोन आठवड्यांत फुटतात आणि पिल्लं आणखी बारा-तेरा दिवसांत उडतात. बुलबुलाची वीण मुख्यतः उन्हाळ्यात, तर वटवट्यासारख्यांची पावसाळ्यात, त्यामुळे एकही घरटं नाही असा महिना मे ते सप्टेंबरमध्ये सापडणार नाही. कोयता लावण्याआधी काठीने फांद्या बाजूला करून पाहायची सवय लावा.

१०. या झुडपांत एवढं राहतं तरी काय? शेताला त्याचा उपयोग?

खूप काही. छोटा खाटीक नाकतोडे आणि पाली काट्यावर टोचून ठेवतो. बोरीच्या काट्याला अडकलेला अर्धा नाकतोडा दिसला तर समजा की तो पक्षी जवळच आहे. सातभाई बुडाशी पाचोळा उलटत किडे खातात. तित्तर, मुंगूस, सरडे, धामण हे सगळे या आडोशाने फिरतात आणि धामण उंदरांवर जगते. बोर सप्टेंबरच्या सुमारास फुलते, तेव्हा तिच्यावर मधमाश्या आणि गांधीलमाश्यांची गर्दी असते. बोर लाखेच्या किड्याचंही झाड आहे. वाघाटीचा वेल कुंपणावर चढला तर राहू द्या. आषाढी द्वादशीला तिच्या फळांची भाजी लागतेच, आणि तिच्या पानांवर काही पांढरी-पिवळी फुलपाखरं अंडी घालतात.

यासाठी मुद्दाम काही लावायला नको. बुडाशी तीन फूट पट्टा न नांगरता, न फवारता सोडला की पुरे. वणव्याच्या भागात मात्र त्या पट्ट्याबाहेर दोन-तीन मीटर गवत डिसेंबरपूर्वी कापून टाका.

११. आमचं कुंपण वीस वर्षांचं आहे, वर दाट आणि खाली उघडं. नवीन लावावं का?

नको, मुळं जिवंत आहेत. मे अखेरीस एक तृतीयांश लांबी जमिनीपासून सहा-आठ इंचांवर कापा. काप धारदार कुऱ्हाडीने किंवा करवतीने, तिरका, खोड न चिरता. बोथट कोयत्याने खोड फाटतं, त्यात पाणी मुरतं आणि बुंधा सडतो. कापलेल्या काटेरी फांद्या तिथेच बाहेरच्या बाजूने रचा, म्हणजे नव्या फुटव्याला शेळी लागत नाही. फुटवे दीड फूट झाले की प्रश्न ६ मधली छाटणी पुन्हा सुरू. दुसरा तृतीयांश पुढच्या वर्षी.

खिंडारं पडली असतील तर शेजारच्या करवंदाची लांब फांदी पावसाळ्यात खाली वाकवा, जमिनीला टेकते तिथे साल थोडी खरवडा, वर चार बोटं माती आणि दगड ठेवा. पुढच्या पावसाळ्यापर्यंत मूळ धरलं की मातृझाडापासून तोडा. खिंडारात नुसतं रोप लावलं तर जुन्या झाडांची मुळं त्याचं पाणी ओढतात. रोपच लावायचं तर दोन फुटांचा खड्डा घेऊन आत आलेली मुळं कापून टाका.

१२. घाणेरीने सगळं कुंपण गिळलंय. काढायची कशी?

वरून तोडली की ती दुप्पट फुटते, आणि जाळली तरी बुंध्यातून परत येते. कुदळीने बुंध्याभोवतीची माती बाजूला करा आणि जमिनीखाली दोन-तीन बोटांवर, खोड आणि मूळ जिथे मिळतं तिथून खाली, मुख्य मूळ तोडा. उपटलेलं झुडूप उलटं, मुळं वर करून वाळू द्या. फळ धरण्याआधी हे करा. पाखरं फळं खातात आणि बी पुढच्या बांधावर जातं.

काम एका वर्षात संपत नाही. पुढची दोन-तीन वर्षं पावसाळ्यात रोपं उपटावी लागतात. रिकामी जागा तशीच ठेवली तर घाणेरी किंवा कोकणात रानमोडी परत येते, म्हणून त्याच पावसाळ्यात तिथे करवंद, निर्गुडी किंवा गवत लावा. घाणेरीत घरटी असतील तर तीही टप्प्याटप्प्याने काढा. घाणेरीचा पाला गुरांना विषारी आहे: यकृत बिघडतं, कावीळ होते, उन्हात कातडी सोलते. उपटलेला ढीग गोठ्याजवळ नको.

१३. कुंपणामुळे साप येतील ना?

येतात, कारण उंदीर आणि आडोसा दोन्ही तिथे असतात. घोणस आणि फुरसं पाचोळ्यात दिसत नाहीत. बुडाशी थेट हात घालू नका, आधी काठी फिरवा. घोट्यावर येणारे बूट घाला, जाड हातमोजे घाला, अंधारात छाटणी नको. घराच्या अंगणालगत मात्र बुडाशी पाचोळा आणि दगडांचे ढीग ठेवू नका. दंश झाला तर चिरा देणं, आवळून दोरी बांधणं टाळा. अवयव हलू न देता १०८ बोलवा किंवा लस असलेलं रुग्णालय गाठा.

१४. कुंपणाकडच्या दोन ओळी पिकतच नाहीत.

कारणं दोन, मुळं आणि सावली. मुळांसाठी कुंपणापासून एक मीटर आत, फूटभर रुंद आणि दीड ते दोन फूट खोल चर काढून आलेली मुळं कापा आणि चर बुजवा. दर दोन वर्षांनी पावसाळा संपताना हे करावं.

सावलीसाठी दिशा बघा. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला कललेला असतो, आपल्याकडे भर दुपारीही कुंपणाच्या उंचीएवढी सावली उत्तरेला पडते. म्हणजे रब्बीचं नुकसान शेताच्या दक्षिण कडेच्या कुंपणाने होतं. तिथे उंची चार-साडेचार फुटांवर धरा. पश्चिमेचं कुंपण उंच राहिलं तर वाराही मंदावतो.

१५. आमची बोराची बाग आहे. कुंपणालाही बोर चालेल?

इथे आम्ही नाही म्हणू. रानबोरीच्या फळांत फळमाशी वाढते आणि तिथून बागेत येते. आधीच असेल तर पडलेली किडकी बोरं दर आठवड्याला वेचून खोल पुरा आणि उन्हाळ्यात बुडाखालची माती उकरून तापू द्या, कारण कोष मातीत असतात. नव्याने लावताना करवंद घ्या.

१६. रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) थांबतील का?

रोही नाही, ती सरळ उडी मारते. डुक्कर खालून मुसंडी मारतं, त्यामुळे पायाशी भरलेलं दुहेरी करवंद आणि आत गुंफलेला सागरगोटा त्याला बऱ्यापैकी रोखतो. पण जंगलालगत भुईमूग किंवा मका असेल तर एवढ्यावर विसंबू नका, राखण लागतेच. तारेत थेट घरची वीज सोडणं हा गुन्हा आहे आणि त्यात माणसं मरतात. नुकसान झालंच तर वनविभागाकडे ताबडतोब कळवून पंचनामा करून घ्या.

१७. शेराचं कुंपण तोडायचंय. त्याच्या चिकाला सगळे घाबरतात.

घाबरणं रास्त आहे. शेर आणि थोराचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला गंभीर इजा होऊ शकते. बंद चष्मा, पूर्ण बाह्या, रबरी हातमोजे, आणि वाऱ्याकडे पाठ. डोळ्यात उडाला तर वाहत्या स्वच्छ पाण्याने पंधरा-वीस मिनिटं धुवा आणि लगेच डॉक्टरांकडे जा. कापलेले तुकडे ओल्या जमिनीवर पडले की रुजतात, म्हणून एका जागी गोळा करा. नवा शेर लावायचा असेल तर उलट तेच करायचं: तुकडे आठ-दहा दिवस सावलीत, काप सुकेपर्यंत ठेवून मग लावा.

१८. कुंपण नेमक्या हद्दीवर लावावं की आत? आणि शेजाऱ्याने हरकत घेतली तर?

निदान एक मीटर आत लावा. पाच वर्षांनी कुंपण चार फूट रुंद होणार आहे, आणि बाहेरची बाजू छाटायला तुम्हाला तुमच्याच जमिनीत उभं राहायला जागा हवी. हद्दीबद्दल शंका असेल तर लावण्याआधी मोजणी करा. हद्दीचे दगड कुंपणात गाडले जाऊ देऊ नका, ते दिसते ठेवा.

वहिवाटीचा रस्ता कुंपणाने अडला तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदार अडथळा काढण्याचा आदेश देऊ शकतात. शेतात जायला रस्ताच नसलेल्याला हद्दीवरून वाट मागण्याची सोय महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ मध्ये आहे.

आणि एक अपवाद हमखास निसटतो. जुन्या कुंपणात आपोआप उगवलेला खैर, जांभूळ किंवा मोह असेल तर तो स्वतःच्या जमिनीत असूनही परवानगीशिवाय तोडता येत नाही. ही झाडं १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत.

१९. विलायतेतल्या हॉथॉर्न या काटेरी झुडपाच्या हेजचे (जिवंत कुंपणाचे) व्हिडिओ पाहिले. खोड अर्धवट कापून आडवं पाडतात, तसं इथे करता येईल?

हॉथॉर्न इथे लावू नका. त्याला खरा हिवाळा लागतो, बी उगवायलाही लांब थंडीचा काळ जावा लागतो. आडवं पाडण्यामागचं तत्त्व मात्र प्रश्न ११ मधलंच आहे: उंच गेलेल्या खोडाला जमिनीजवळून फुटायला लावणं. तिथे ते काम पानं झडलेल्या थंडीत करतात. आपल्याकडे बोरीची तशी झोपेची वेळ एप्रिल-मे आहे. करवंद बुडापासूनच अनेक खोडांचं असतं, ते आडवं पाडायची गरज पडत नाही. लांब फांद्या खिंडाराकडे वळवून गुंफल्या की तेवढंच काम होतं.